बरे वाटणे आणि बरे होणे



आपल्या मंडळींत कुणाला क्रोन्स डिसीज किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिस असल्याचे कळले, की दोन दिवसांत सल्ले सुरू होतात. दूध सोड, गहू सोड, हळद घे आणि शेवटी, "त्या गोळ्यांनीच पोट बिघडतं, बंद कर." स्पेशालिस्टला विचारावे तर घाईघाईत उत्तर मिळते, "मानवेल ते खा." माझी डॉक्टरकी पीएच.डी.ची, औषधे लिहून देण्याची नव्हे. पण आहारावरचे प्रयोग वाचल्यावर ही दोन्ही टोके मला पटत नाहीत.

या आजारांत शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच आतड्यावर उलटते. आपल्याशी त्यांचा संबंध जवळचा आहे. लेस्टर परिसरातल्या १९९२ सालच्या अभ्यासात भारतीय स्थलांतरितांमध्ये अल्सरेटिव्ह कोलायटिसचे प्रमाण स्थानिक लोकांपेक्षा जास्त आढळले. कॅनडातल्या २०१५ सालच्या अभ्यासात, जितक्या लहान वयात स्थलांतर तितका धोका अधिक, असे दिसले. नव्या देशातले काहीतरी याला कारणीभूत असावे, आणि आहार हा त्यातला एक संशयित आहे.

मग आहार बदलून उपयोग होतो का? सर्वांत भक्कम पुरावा क्रोन्स झालेल्या मुलांचा आहे. नेहमीचे जेवण बंद करून सहा ते आठ आठवडे फक्त पोषक द्रव दिले, तर बहुसंख्य मुलांचा दाह शमतो आणि स्टिरॉइड टाळता येतात. २०१९ साली ७८ मुलांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात सुरुवातीला निम्मे पोषण द्रवातून आणि बाकीचे ठरावीक साध्या अन्नातून दिले. मुलांना हे अधिक झेपले आणि गुणही आला.

मोठ्यांचे चित्र इतके स्पष्ट नाही. अमेरिकेत २०२१ साली क्रोन्सच्या रुग्णांमध्ये एका कडक पथ्याची तुलना भूमध्य सागरी पद्धतीच्या आहाराशी केली गेली. सहा आठवड्यांनी अनुक्रमे ४६.५ आणि ४३.५ टक्के रुग्णांची लक्षणे शमली. म्हणजे कडक पथ्याने फार काही अधिक साधले नाही. रक्तातली दाहाची खूण मात्र दोन्ही गटांत फार थोड्यांची सुधारली. लंडनच्या किंग्ज कॉलेजने २०२० साली आजार शांत असलेल्या, पण पोटाच्या तक्रारी चालू असलेल्या रुग्णांचा गहू, कांदा, लसूण, कडधान्ये असे पदार्थ चार आठवडे कमी केले. निम्म्या रुग्णांना समाधानकारक आराम पडला, पण दाहाच्या चाचण्यांत फरक दिसला नाही.

माझ्या मते कळीचा मुद्दा इथेच आहे. बरे वाटणे आणि बरे होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गॅस, कळा, धावपळ कमी झाली तर रोजचे जगणे सुसह्य होते, त्याची किंमत मी कमी लेखत नाही. पण पोट शांत असतानाही आत दाह धुमसत राहू शकतो. त्यातून पुढे आतडे अरुंद होणे, शस्त्रक्रिया, मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा वाढलेला धोका हे सारे संभवते. म्हणून "आता बरं वाटतंय" म्हणून गोळ्या सोडणे घातक ठरते. खरी स्थिती शौचाच्या कॅलप्रोटेक्टिन चाचणीतून किंवा दुर्बिणीच्या तपासणीतून समजते.

आहार जरूर बदला, पण औषधाच्या जोडीने आणि आहारतज्ज्ञाच्या मदतीने. आपण होऊन एकेक पदार्थ सोडत गेल्यास वजन आणि रक्त दोन्ही घटते. वरण, भाकरी, उसळ, पोहे म्हणजे काय हे आहारतज्ज्ञाला नीट समजावून सांगा. नाहीतर हाती छापील यादी येईल आणि तिच्यात आपले ताट नसेल.

शेवटचे नातेवाईकांसाठी. आजार उलटला की "पथ्य पाळलं नाहीस ना?" हा प्रश्न आपसूक तोंडी येतो. पथ्य काटेकोर पाळूनही हा आजार उलटतो. पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धांत आपण नाकारतो. मग आजाऱ्याच्या दुखण्याचा दोष त्याच्याच ताटावर ठेवून तोच सिद्धांत स्वयंपाकघराच्या दाराने आत कशाला आणायचा?