प्रिंटरची शाई शिळी होते का?

मुरुडहून एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. मुलगी लातूरला नीटच्या क्लासला जाते, सराव प्रश्नपत्रिका रोज छापाव्या लागतात, म्हणून मागच्या वर्षी घरी छोटा प्रिंटर घेतला. सेल लागला होता, तेव्हा काळ्या शाईच्या दोन कार्ट्रिज एकदम घेऊन ठेवल्या. पहिली संपली. कपाटातली दुसरी काढून बसवली, तर पडद्यावर सूचना आली की या शाईची मुदत संपली आहे. उद्या शिष्यवृत्तीचा अर्ज छापून शाळेत द्यायचा, आणि हे असं. दुकानदार म्हणतो, नवी घ्या. घरातले अब्बा म्हणतात, "शाईला कसली आलीय एक्सपायरी? आमच्या दौतीतली शाई वर्षानुवर्षं चालायची." आपांनी विचारलंय, "खरं कोण बोलतंय, अब्बा की प्रिंटर?"

आपा, दोघंही थोडं थोडं खरं बोलतायत. दौतीतली शाई घट्ट झाली की आपण चार थेंब पाणी घालायचो आणि टाक चालू व्हायचा. प्रिंटरमध्ये ते चालत नाही. तिथे शाई केसाहून बारीक छिद्रांतून बाहेर पडते. घरगुती वापरातल्या एचपी आणि कॅननच्या बहुतेक प्रिंटरमध्ये प्रत्येक छिद्रापाशी एक इवलासा तापणारा भाग असतो. तो क्षणभर तापतो, शाईतल्या पाण्याचा बुडबुडा होतो आणि तो बुडबुडा थेंब बाहेर ढकलतो. म्हणजे सगळा खेळ शाईतल्या पाण्याचा आहे. सीलबंद कार्ट्रिजमधूनही हे पाणी हळूहळू उडत राहतं, थोडी हवा आत शिरते. पाणी कमी झालं की शाई घट्ट, छिद्रं तुंबलेली. आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत काय उकाडा असतो ते मी मुरुडकरांना सांगायला नको. तिथल्या लोखंडी कपाटातली कार्ट्रिज लवकर सुकणारच. तेव्हा मुदत ही निव्वळ थाप नाही.

पण त्या तारखेच्या दिवशी शाई खराब होते, हेही खरं नाही. डब्यावरची तारीख नीट वाचा. काही कंपन्या 'अमुक तारखेपर्यंत बसवा' असं लिहितात, काही फक्त वॉरंटी कधी संपते ते लिहितात. वॉरंटी संपली याचा अर्थ एवढाच की त्यानंतर बिघाड झाला तर कंपनी बदलून देणार नाही. दुधाच्या पिशवीवरची तारीख आणि ही तारीख एक नव्हे.

आता पडद्यावरच्या सूचनेकडे. ती पूर्ण वाचा, घाईने बंद करू नका. बहुतेक घरगुती प्रिंटरमध्ये खाली 'ओके' किंवा 'कंटिन्यू' असतं. ते दाबलं की छपाई सुरू होते. सूचना फक्त कानावर घालण्यापुरती असते. काही प्रिंटर मात्र अडून बसतात, नवी कार्ट्रिज बसवेपर्यंत एक ओळ छापत नाहीत.

हा फरक का, ते कार्ट्रिज उलटी करून पाहिलं की कळतं. खालच्या बाजूला बारीक छिद्रांची चकचकीत पट्टी आणि मागे तांब्याच्या रंगाचे ठिपके दिसले, तर छापणारं डोकं, म्हणजे प्रिंटहेड, कार्ट्रिजमध्येच आहे. आपल्याकडे सर्रास मिळणाऱ्या एचपीच्या ८०३ आणि ६८० किंवा कॅननच्या पीजी-७४५ या अशाच. यांत जुनी शाई वापरून नुकसान झालं तर ते त्या कार्ट्रिजपुरतंच. नवी बसवली की डोकंही नवं येतं. म्हणून इथे बेधडक 'कंटिन्यू' दाबा. पण कार्ट्रिज म्हणजे नुसती शाईची डबी असेल आणि डोकं प्रिंटरच्या आत असेल, तर घट्ट शाई त्या डोक्यात जाऊन बसते आणि दुरुस्तीचा खर्च कधी कधी नव्या प्रिंटरएवढा होतो. तिथे मी फार जुनी शाई घालणार नाही.

आपांनी कार्ट्रिजचं वर्णन लिहिलंय त्यावरून ती पहिल्या प्रकारची दिसते. तेव्हा आधी 'कंटिन्यू' दाबून एक पान छापा. अक्षरं फिकी किंवा तुटक आली, तर प्रिंटरच्या मेनूतलं 'क्लीनिंग' एकदा, फार तर दोनदा करा. जास्त नको, प्रत्येक क्लीनिंग शाई पिते. तरीही नाही जमलं, तर कार्ट्रिज काढून ती छिद्रांची पट्टी कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या सुती फडक्यावर मिनिटभर हलकेच टेकवा. घासू नका, तांब्याच्या ठिपक्यांना बोट लावू नका. फडक्यावर काळा ठसा उमटला, म्हणजे शाई जिवंत आहे.

कोणीतरी सुचवतंच, की संगणकाची तारीख दोन वर्षं मागे करा. करू नका. प्रिंटरला स्वतःचं घड्याळ असेल तर उपयोग शून्य, आणि चुकीच्या तारखेमुळे बँकेची किंवा अर्जाची वेबसाइटच उघडत नाही. अर्ज उद्या भरायचा असताना हा उद्योग कशाला?

'शाई संपली' ही सूचना वेगळी. ती बहुतेक वेळा शाई मोजून येत नाही, उडवलेले थेंब मोजून केलेला तो अंदाज असतो. कॅननच्या बऱ्याच प्रिंटरमध्ये 'स्टॉप' बटण पाच सेकंद दाबून धरलं की ही मोजणी बंद होते आणि छपाई चालू राहते. मात्र पान फिकं यायला लागलं की थांबायचं, कोरडं डोकं तापवलं तर ते जळतं.

या सूचनांवरून लोक कोर्टातही गेले आहेत. अमेरिकेत फेब्रुवारी २००५ मध्ये जॉर्जिया राज्यातल्या एका महिलेने एचपीवर कॅलिफोर्नियात दावा लावला. तिचं म्हणणं, कार्ट्रिजमधली चिप शाई शिल्लक असतानाच ती बाद ठरवते. एचपीच्या काही जुन्या प्रिंटरमध्ये खरोखरच तसा नियम होता : बसवल्यापासून ३० महिने किंवा बनवल्यापासून साडेचार वर्षं, जे आधी होईल ते. हे प्रिंटर वेगळं डोकं असणारे, आणि डोकं खराब होऊ नये म्हणून हे, असं कंपनीचं म्हणणं. शाईविषयीचे असे तीन खटले पुढे एकत्र मिटवायचं ठरलं. ग्राहकांच्या वाट्याला काय? दोन ते सहा डॉलरची कूपनं, तीही एचपीच्याच ऑनलाइन दुकानात वापरायची! ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याकडूनच पुन्हा खरेदी. वकिलांना मात्र रोख लाखो डॉलर. मे २०१३ मध्ये अपील न्यायालयाने ही तडजोड रद्द केली. कूपनांच्या तडजोडीत वकिलांची फी ग्राहकांनी प्रत्यक्ष वापरलेल्या कूपनांच्या किमतीवरून ठरली पाहिजे, असा कायदा आहे आणि तो इथे पाळला गेला नाही, हे कारण. सप्टेंबर २०१६ मध्ये तर याच कंपनीच्या काही प्रिंटरनी दुसऱ्यांच्या कार्ट्रिज एकाएकी नाकारायला सुरुवात केली. ओरड झाली तेव्हा कंपनीने माफी मागितली.

मूळ दुखणं हे, की घरगुती प्रिंटर स्वस्त विकतात आणि कमाई शाईवर करतात. ८०३ ची छोटी काळी कार्ट्रिज प्रमाणित चाचणीत साधारण १२० पानं छापते. एप्सनच्या टाकीवाल्या प्रिंटरची ००३ क्रमांकाची ६५ मिलीलीटरची काळी बाटली साधारण ४,५०० पानं. मुलगी रोज दहा-पंधरा पानं छापत असेल, तर पुढचा प्रिंटर टाकीचा घ्या, असंच मी सांगेन. उलट महिन्याला चार पानं छापणाऱ्या घराने प्रिंटर घेऊच नये, चौकातला झेरॉक्सवाला स्वस्त पडतो. अधूनमधूनच पण काळंच छापायचं असेल तर लेझर प्रिंटर बरा. त्यातली टोनर म्हणजे कोरडी पूड, ती सुकणार काय!

आहे तोच प्रिंटर जपायचा तर आठवड्यातून एक रंगीत पान छापा, सुट्टीतसुद्धा. आणि प्रिंटर त्याच्याच बटणाने बंद करा. बटण दाबल्यावर डोकं आपल्या जागी जाऊन टोपीखाली बसतं. भिंतीवरच्या बोर्डाचं बटण मध्येच बंद केलं की ते उघडंच राहतं आणि सुकतं. लाइट गेली तर आल्यावर एकदा चालू करून नीट बंद करा. जादा कार्ट्रिज साठवू नका. घेतलीच तर सील फोडू नका आणि घरातल्या सगळ्यांत थंड खोलीत ठेवा.

राहिला दुकानदार. सेलमध्ये तारीख गेलेला माल तारीख न सांगता विकला असेल, तर बिल, डबा आणि पडद्यावरच्या सूचनेचा फोटो घेऊन आधी त्याच्याकडेच जा. बहुतेक जण बदलून देतात. नाही दिली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा. त्यापुढे लातूरला जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, खरेदी कुठूनही केलेली असो. मुदत दोन वर्षांची, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही. बिल मात्र लागतं आपा, आणि तुमच्या पत्रात बिलाचा उल्लेख कुठेच नाही. आधी ते शोधा.