आरक्षण नकाशावरही असते!

अमेरिकेत लँडस्केप आर्किटेक्टना, म्हणजे उद्याने आणि मोकळ्या जागांची रचना करणाऱ्यांना, सर्व 50 राज्यांत परवान्याचा कायदा आहे. हा परवाना काढून घेणारे विधेयक कुठल्या राज्यात येते, यावर त्यांची संघटना वर्षभर नजर ठेवते. ते धंद्यासाठी एवढे जागे. आपण वस्तीसाठी किती जागे आहोत?

आरक्षण म्हटले की आपल्याला नोकरी आणि प्रवेशच आठवतो. शहराच्या विकास आराखड्यातही आरक्षण असते: उद्यान, मैदान, शाळा, दवाखाना. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 37 खाली त्यात फेरबदल करता येतो. राजपत्रात सूचना निघते, हरकतीला एक महिना मिळतो. तो महिना आपण जयंतीच्या वर्गणीत घालवतो आणि मैदानाला कुंपण पडल्यावर मोर्चा काढतो.

जयंती करूच. पण 1928 साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाचे विधेयक मांडणाऱ्या बाबासाहेबांचे आपण अनुयायी आहोत. प्रत्येक वस्तीत दोघांनी राजपत्र वाचावे, रविवारी विहारात सर्वांना सांगावे. हरकत लेखी द्यावी, पोच घ्यावी. घोषणेची पोच मिळत नसते.

जय भीम!