आधी पैसे मोजा, मग थँक्यू म्हणा

गेल्या महिन्याभरात दुकानदाराने परत दिलेले सुट्टे पैसे तुमच्यापैकी कितीजणांनी मोजून घेतले? खरं सांगा. वडापावच्या गाडीपासून मॉलपर्यंत सगळीकडे क्यूआर कोड चिकटलेला आहे. स्कॅन केलं, रक्कम टाकली, विषय संपला. २०१६ मध्ये यूपीआय आलं तेव्हा तुमच्यातले बरेचजण शाळेत होते. त्यामुळे शंभराची नोट देऊन त्रेसष्ट रुपयांचं सामान घेतलं, सदतीस परत आले का, हा हिशोब गल्ल्यासमोर उभं राहून तोंडी करायची वेळ तुमच्यावर फारशी आलीच नाही.

मग एक दिवस हीच मुलं दोन मोठ्या बॅगा आणि आईने कोंबून दिलेलं मेतकूट घेऊन मास्टर्ससाठी जर्मनीला जातात. पहिल्याच आठवड्यात कळतं, की गाड्या आणि मशीन बनवणाऱ्या या देशात कोपऱ्यावरची बेकरी कधीकधी कार्डच घेत नाही. जर्मनीच्या मध्यवर्ती बँकेच्या २०२३ च्या पाहणीत दर शंभर खरेदींपैकी ५१ वेळा पैसे रोख दिलेले होते. एटीएममधून पन्नासच्या नोटा बाहेर येतात. खिसा एक-दोन सेंटच्या तांबूस नाण्यांनी जड होतो. सुपरमार्केटमधली गल्ल्यावरची बाई इतक्या वेगाने सामान सरकवते, की आधी पिशवी भरायची की पाकीट काढायचं तेच सुचत नाही. पिशवी भरून द्यायला तिथं कुणी नसतं. मागे रांग वाढत असते आणि आपलं जर्मन अजून 'गुटन टाग'च्या पुढे सरकलेलं नसतं.

समजा, अशा घाईत तुम्ही पन्नासची नोट दिलीत. बिल साडेबारा युरो. हातात आले साडेसात. तुम्ही 'डांके' म्हणून बाहेर पडलात आणि ट्राममध्ये बसल्यावर ट्यूब पेटली, की तिने वीसचीच नोट धरली! तीस युरो गेले. परदेशात शिकणाऱ्या मुलांच्या घोळक्यात बसलात तर असे किस्से ऐकायला मिळतातच. त्यांचा शेवटही बहुतेक वेळा एकच असतो, "जाऊ दे ना यार, तिथं कोण वाद घालणार?"

आम्हाला बोलायचंय ते या 'जाऊ दे'बद्दल.

तीस युरो म्हणजे जवळपास तीन हजार रुपये. पण रुपयांत नको, तासांत मोजू. २०२५ मध्ये जर्मनीतलं किमान वेतन ताशी १२.८२ युरो होतं. म्हणजे तीस युरोसाठी कुठल्यातरी कॅफेत सव्वादोन तासांहून जास्त वेळ भांडी घासावी लागतात. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये पैसे भरून जाणाऱ्या विद्यार्थ्याला त्यातून दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते. सप्टेंबर २०२४ पासून ती ९९२ युरो आहे. त्यात खोलीचं भाडं, आरोग्य विमा आणि खाणंपिणं. अशा महिन्यात तीस युरो म्हणजे अख्ख्या आठवड्याची भाजी असू शकते. हे पैसे 'जाऊ दे' म्हणण्याइतके हलके नाहीत. ते बापाच्या शैक्षणिक कर्जातून आलेले आहेत, नाहीतर तुमच्या स्वतःच्या पाठीतून.

मग आपण गप्प का बसतो? रांगेतल्या लोकांची लाज वाटते. आपला उच्चार चुकेल याची धास्ती असते. 'हे इंडियन लोक किती चिकट' असं कुणी म्हणेल अशी भीती असते. भीक नको पण कुत्रं आवर, अशी गत होते. गंमत म्हणजे ही लाज आपल्या घरची नव्हे. एसटीचा कंडक्टर सुट्टे नसले की तिकिटाच्या मागे बाकी लिहून द्यायचा, आणि उतरायच्या आधी ती आठवणीने मागून घ्यायची हा धडा आपल्या आई-आजीने गिरवलेला आहे. दोन रुपये मागताना आजीला कमीपणा वाटला नाही आणि कंडक्टरलाही त्यात अपमान दिसला नाही. बाकी ही बाकी असते. ती मागणाऱ्याची असते.

मात्र मागायच्या आधी आपला हिशोब पक्का हवा. परदेशात पहिले काही महिने ज्याला आपण 'फसवणूक' म्हणतो, त्यातली बरीचशी फसवणूक नसतेच. आपल्याला पाकिटावरची एमआरपी बघायची सवय. तिथं छापील किंमत नसते, किंमत शेल्फवर असते. जर्मनीत ९९ सेंटची पाण्याची बाटली घेतली आणि बिल १.२४ झालं, तर वरचे २५ सेंट हे बाटलीचं 'फांड', म्हणजे अनामत. रिकामी बाटली सुपरमार्केटमधल्या मशीनमध्ये टाका, पैसे परत. अमेरिकेत बहुतेक राज्यांमध्ये शेल्फवरच्या किमतीवर विक्रीकर गल्ल्यावर लागतो, त्यामुळे दहा डॉलरची वस्तू दहाला पडत नाही. कॅनडाने २०१३ मध्ये एक सेंटचं नाणं वितरणातून काढून घेतलं. तेव्हापासून रोखीचं बिल जवळच्या पाच सेंटपर्यंत वर किंवा खाली जातं. कार्डाने दिलं तर बिल जसंच्या तसं. दोन सेंट कमी आले म्हणून तिथं हुज्जत घातलीत, तर हसं तुमचंच होईल.

आणि तो 'डांके'! जर्मन रेस्टॉरंटमध्ये वेटरच्या हातात नोट देताना तुम्ही 'डांके' म्हणालात, तर 'उरलेले तुम्हीच ठेवा' असाही त्याचा अर्थ घेतला जाऊ शकतो. 'श्टिम्ट झो' म्हणालात तर मग विचारायलाच नको, त्याचा अर्थच 'असू द्या, ठेवा' असा होतो. सभ्यपणे वागायच्या नादात तुम्ही घसघशीत टिप देऊन बसता आणि रूमवर येऊन वेटरला शिव्या घालता. म्हणून आधी पैसे हातात येऊ द्या, मोजा, मग आभार माना.

नाण्यांचीही तीच तऱ्हा. अमेरिकेतलं दहा सेंटचं नाणं पाच सेंटच्या नाण्याहून लहान असतं आणि त्यावर दहाचा आकडाही नसतो, नुसतं 'वन डाइम' लिहिलेलं असतं. ऑस्ट्रेलियातलं दोन डॉलरचं नाणं एक डॉलरच्या नाण्याहून छोटं. डॉलरच्या सगळ्या नोटा एकाच आकाराच्या, त्यामुळे घाईत एकची आणि दहाची नोट सारखीच वाटू शकते. त्यामानाने युरो सोपा आहे. पाचची करडी, दहाची लाल, वीसची निळी, पन्नासची नारिंगी, आणि रक्कम वाढते तशी नोटही मोठी होते. नव्या देशात उतरल्यावर पहिल्याच संध्याकाळी तिथली नाणी आणि नोटा टेबलावर मांडून ओळखून घ्या. विमानाच्या तिकिटाइतकंच हे कामाचं आहे.

जर्मन आकड्यांचा धसका घेतला असेल, तर त्यावर उतारा आपल्या मायबोलीतच आहे. पंचेचाळीसला ते 'फ्युन्फ-उन्ट-फिअर्त्सिश' म्हणतात, म्हणजे 'पाच आणि चाळीस'. इंग्रजीत विचार करणारा ते ऐकून ५४ लिहून मोकळा होतो. पण आपल्या 'पंचेचाळीस'मध्येही पाच आधी आणि चाळीस नंतरच येतात की! मराठी पाढे म्हणून मोठा झालेला मुलगा इथं वर्गातल्या इतरांपेक्षा एक पाऊल पुढे असतो, फक्त त्याने डोक्यात इंग्रजीत भाषांतर करणं थांबवायला हवं.

आता हे सगळं समजून घेऊनही पैसे कमी आले, तर? तिथंच, त्याच गल्ल्यासमोर बोला. नोट देतानाच 'पन्नास' असं मोठ्याने म्हणायची सवय लावा. मोड हातात येईपर्यंत पिशवीला हात लावू नका. मागच्या माणसाला अर्धा मिनिट थांबावं लागलं तर आकाश कोसळत नाही. पावती घ्याच. जर्मनीत १ जानेवारी २०२० पासून इलेक्ट्रॉनिक गल्ला असलेल्या दुकानांना पावती देणं बंधनकारक आहे. रोख दिलं असेल तर तुमच्याकडून किती आले (गेगेबन) आणि परत किती दिले (र्‍युकगेल्ड) हे सहसा तिच्यावर छापलेलं असतं. पन्नास देऊनही तिथं वीस दिसत असतील, तर चूक कुठे झाली ते लगेच कळतं. "एन्टशुल्डिगुंग, इश ग्लाउबं, एस फेलन ड्रायसिश ऑयरो," म्हणजे "माफ करा, मला वाटतं तीस युरो कमी आहेत," एवढं एक वाक्य पाठ असलं तरी पुरे. व्याकरण चुकलं तर चुकू दे, आकडा चुकवू नका.

ऐकून घेतलं नाही, तर शांतपणे शाखेच्या मॅनेजरला बोलवायला सांगा आणि गल्ला मोजायची विनंती करा. गल्ला लगेच किंवा दुकान बंद करताना मोजला जातोच. तीस युरो जास्त भरले तर ते कुणाचे हे स्पष्ट होतं. वेळ, गल्ल्याचा नंबर आणि आपला फोन नंबर देऊन या. आवाज चढवायची गरज नाही.

हे मुद्दाम केलं का? मी परका दिसतो म्हणून केलं का? हा प्रश्न मनात येणारच, आणि तो येणं चूकही नाही. नवखा, भाषा न येणारा, बावरलेला माणूस फसवायला सोपा असतो, आणि त्याचा फायदा घेणारे सगळ्याच देशांत असतात. पण गल्ल्यासमोर उभं राहून दुसऱ्याच्या मनातलं तुम्हाला दिसत नाही. दिसतो तो फक्त हातातला आकडा. म्हणून आरोप करण्याऐवजी आकडा सांगा. चूक असेल तर समोरचा लगेच सुधारेल. लबाडी असेल तरी याला मोजता येतं, याला बोलता येतं, हे त्याला कळेल. दोन्ही वेळा तुमचं काम एकाच वाक्याने होतं.

या गोष्टीला दुसरी बाजूही आहे. उद्या पार्ट टाइम नोकरी म्हणून त्या गल्ल्यावर तुम्हीच बसलेले असाल. आठ तास पट्ट्यावरून सामान सरकवल्यावर पन्नासची नोट वीसची वाटू शकते, हे तेव्हा कळेल. गल्ला कमी भरला तर उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल. म्हणून मोड जास्त आली, तर तीही त्याच तत्परतेने परत करा. आपले तीस कमी आले की कांगावा आणि दहा जास्त आले की नशीब, असला हिशोब कुठल्याच चलनात बसत नाही.

आणि शेवटचा प्रश्न इथल्यांसाठी. मणिपूरहून पुण्यात शिकायला आलेली मुलगी, मुंबईत पहिल्यांदाच उतरलेला बिहारी मजूर, गोव्याच्या किनाऱ्यावरचा रशियन पर्यटक यांना आपण काय भाव सांगतो? थंड पेयाच्या बाटलीवर 'कूलिंग'चे जादा पैसे घेणारा, 'सुट्टे नाहीत' म्हणून हातात गोळ्या टेकवणारा, मीटर असूनही अव्वाच्या सव्वा मागणारा हा आपलाच कुणीतरी असतो. छापील किमतीपेक्षा जास्त पैसे घेणं आपल्याकडे कायद्याने गुन्हा आहे, आणि तक्रारीसाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. परदेशातल्या गल्ल्यावर जो न्याय तुम्हाला हवा, तोच तुमच्या नाक्यावर उभ्या असलेल्या परक्याला मिळायला हवा. तो बावरून गप्प बसला असेल आणि चूक तुमच्या डोळ्यांसमोर घडत असेल, तर त्याच्या वतीने तुम्ही बोला. 'दादा, त्याचे वीस रुपये राहिले,' एवढंच म्हणायचं असतं.

यंदाच्या प्रवेशाच्या मोसमात तुमच्यातले कितीतरी जण निघतील. बॅग भरून झाली की एक काम करा. आठवडाभर फोन खिशात ठेवून कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून रोखीने सामान आणा. बिल तोंडी जोडा, बाकी मोजून घ्या, रुपया कमी आला तर मागा. पहिल्या दिवशी थोडं अवघड वाटेल. चौथ्या दिवशी वाटणार नाही.