एमएस आहे की नाही, हे ठरेपर्यंत काय?

मंडळी, पोस्ट लांब आहे, पण शेवटपर्यंत वाचा. दोन महिन्यांपासून "सर, शाळेत दिसत नाही?", "काय व्हयनं भो?" असं विचारणाऱ्या सगळ्यांना एकदाच उत्तर देतो. आणि सोबत आपल्या जिल्ह्याच्या कामाचंही थोडं बोलतो.

मार्चमध्ये माझा डावा डोळा धूसर झाला. डोळा फिरवला की दुखायचा, लाल रंग विटका दिसायचा. तीन आठवड्यांत आपोआप बरं वाटलं म्हणून विसरून गेलो. दिवाळीनंतर पायांना मुंग्या सुरू झाल्या. एका सकाळी शाळेचा ओटा चढत होतो, तर मागून एक पोरगा ओरडला, "सर, तुमची चप्पल!" डाव्या पायातली चप्पल पाच-सहा पावलं मागे पडली होती आणि मला पत्ताच नव्हता. त्या दिवशी घाबरलो.

खासगी केंद्रात एमआरआय काढला. मज्जारज्जूत पांढरा डाग. रिपोर्टच्या खाली लिहिलेलं, मल्टिपल स्क्लेरोसिसची शक्यता. म्हणजे एमएस. आपल्याच शरीराची संरक्षण यंत्रणा मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांचं आवरण कुरतडते. शेतातल्या मोटारीची वायर उंदरानं कुरतडावी तसं. करंट कधी जातो, कधी अडकतो.

रिपोर्ट घरी आला आणि घरच्यांनी आजार पक्काच धरला. बायकोनं मोबाईलवर शोधून रात्र रडून काढली. एका हितचिंतकानं सल्ला दिला, "आजच एमएसची इंजेक्शनं सुरू करा, उशीर नको." मीही तयार होतो. सुरतला दाखवलं तेव्हा तिथल्या मेंदूविकार तज्ज्ञांनी आधी विचारलं, "कुठले?" म्हटलं, नंदुरबार जिल्हा. "मग सिकल तपासलंय का? बी-१२? टीबी?" एकही नाही. म्हणाले, "डाग दिसला म्हणजे एमएस नाही. आधी बाकीचे चोर शोधू."

हे मला माहीत नव्हतं, बहुतेकांना नसतं, म्हणून लिहितोय. एमएस आहे असं एकट्यानं सांगणारी रक्ताची तपासणी जगात कुठेही नाही. लक्षणं, एमआरआय, मणक्यातलं पाणी हे सगळं जुळवून आणि दुसरं कारण नाही हे पाहूनच निदान करायचं असतं. अमेरिकेतल्या लॉस एंजेलिसच्या दोन मोठ्या केंद्रांचा अभ्यास २०१९ साली आला. एमएसचं निदान घेऊन नव्यानं आलेले २४१ रुग्ण पुन्हा तपासले, तर ४३ जणांना एमएस नव्हताच, म्हणजे साधारण १८ टक्के. कुणाला मायग्रेन होता, कुणाचा मणका झिजलेला. त्यातले बरेच जण एमएसची औषधंही घेत होते. जिथे सगळ्या सोयी आहेत तिथे हे होतं, तर आपलं काय बोलायचं?

आता आपल्याकडचे चोर बघा.

बी-१२ ची कमतरता. माळकरी घरं, वर्षानुवर्षं शुगरची मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीची गोळी घेणारे लोक, यांच्यात हे सापडतं. पायात मुंग्या, तोल जाणं, मज्जारज्जूत डाग, सगळं एमएससारखं. स्वस्तातल्या इंजेक्शनांनी हे थांबतं, पण उशीर झाला तर नस पूर्ण भरून येत नाही. इथे आपल्या जिल्ह्यापुरती एक गोष्ट महत्त्वाची आहे. सिकलच्या रुग्णांना फॉलिक ॲसिडची गोळी रोज देतात, आणि ती बरोबरच आहे. पण सोबत बी-१२ कमी असेल तर त्या गोळीनं रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि आत नसांचं नुकसान चालूच राहतं. म्हणून गोळी सोडू नका, बी-१२ तपासून घ्या.

स्वतः सिकलसेल. भिल्ल, पावरा, मावची समाजात हा आजार किती आहे ते वेगळं सांगायला नको. त्यात मेंदूच्या रक्तवाहिन्या तुंबून पक्षाघात होतो, कधी कधी तर कळतही नाही आणि एमआरआयवर पांढरे डाग राहतात. डाग तेच, उपचार पूर्ण वेगळा.

टीबी. मणक्याचा टीबी पाय लुळे करतो, मेंदूतल्या टीबीच्या गाठी नजर आणि तोल बिघडवतात. एमएसचा झटका समजून टीबी न तपासता स्टेरॉईड दिलं तर आत दबलेला टीबी उसळू शकतो. शिवाय एचआयव्ही, गरमी, थायरॉईड आहेतच.

आणि सगळ्यात फसवा म्हणजे एनएमओ. हा डोळ्याची नस आणि मज्जारज्जू यांवरच घाव घालतो, माझ्या लक्षणांसारखाच. पूर्वी आशियात याला एमएसचाच एक प्रकार समजायचे. २००४ साली अमेरिकन आणि जपानी डॉक्टरांनी रक्तातली त्याची अँटिबॉडी शोधली आणि आजार वेगळा ठरला. हा फरक नुसता नावाचा नाही. एमएसची काही औषधं, उदाहरणार्थ इंटरफेरॉन किंवा फिंगोलिमोड, एनएमओमध्ये आजार वाढवू शकतात. हितचिंतकाचं ऐकून मी घाई केली असती तर? विचार करूनच अंगावर काटा येतो.

माझं आजचं सांगतो. सिकलचा मी नुसता वाहक निघालो, त्यानं हे होत नाही. टीबी नाही. बी-१२ कमी निघालं, इंजेक्शनं चालू आहेत, मुंग्या थोड्या कमी आहेत. पण डोळ्याचं कोडं त्यानं सुटत नाही. अँटिबॉडीचं रक्त मुंबईला गेलंय. रिपोर्टची वाट बघतोय.

या वाट बघण्याचाच हिशेब मला जिल्ह्यापुढे मांडायचा आहे. एक तपासणी इथे, दुसरी तिथे, तिसरीसाठी पुन्हा सुरत. सात खेपा झाल्या. मला पगार आहे, रजा आहे. धडगावच्या पाड्यावरचा माणूस, ऊसतोडीला गेलेली बाई, ती दुसऱ्या खेपेलाच सोडून देईल. भरती झालात तर योजना आहे, पण निदानाआधीच्या बाहेरच्या तपासण्या खिशातून. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात मल्टिपल स्क्लेरोसिस आणि सिकलसेल दोन्ही आहेत, पण निदानच नाही तर दाखला कसला मागायचा?

जिल्ह्याचा वाढदिवस १ जुलै, १९९८ चा. २०२३ ला नेमक्या त्याच तारखेला देशाचं सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. त्यात रक्त तपासायला गावोगाव माणसं जातात, म्हणजे यंत्रणा उभी करता येते. आता जिल्ह्याला वैद्यकीय महाविद्यालयही आहे. मग माझ्या मागण्या फार नाहीत:

१. हातपाय बधिर, नजर गेली, तोल जातो असा रुग्ण आला की सिकल, बी-१२, शुगर, थायरॉईड, टीबी, एचआयव्ही, गरमी या तपासण्या एकाच ठिकाणी व्हाव्यात आणि एकाच फाईलमध्ये रुग्णासोबत पुढे जाव्यात.
२. मेंदूविकार तज्ज्ञाचा महिन्यातून एक ठरलेला दिवस असावा. येणं जमत नसेल तर ई-संजीवनीवर, एमआरआय समोर ठेवून.
३. अँटिबॉडीसाठी माणूस नाही, रक्ताची नळी प्रवास करावी. खर्च योजनेतून व्हावा.

लोकप्रतिनिधींनी आणि जिल्हा नियोजनात बसणाऱ्यांनी यातलं तिसरं तरी करून दाखवावं. त्याला नवी इमारत लागत नाही.

आणि माझ्यासारखे जे अधांतरी आहेत त्यांना: कुणाच्या सांगण्यावरून औषध सुरू करू नका आणि बंदही करू नका. "एमएस नसेल तर काय असू शकतं आणि ते तपासलंय का?" एवढं डॉक्टरांना जरूर विचारा. सगळे रिपोर्ट आणि एमआरआयची सीडी एका पिशवीत ठेवा. मणक्यातून पाणी काढलं की माणूस लुळा होतो, ही भीती खोटी आहे. माझं काढलं, दोन दिवस डोकं दुखलं, बस्स. पण नजर अचानक गेली, पायातली ताकद गेली किंवा लघवी अडकली तर वाट बघू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

माझा रिपोर्ट काहीही येवो, इथेच कळवीन. तोवर तुमच्या गावात कुणाची चप्पल पायातून नकळत निसटत असेल, तर हसू नका. त्याला बी-१२ आणि सिकल तपासायला पाठवा.