ऑल टेरेन म्हणे! कुठली टेरेन?

आधीच सांगून टाकतो, हा लेख चिडून लिहिलाय. चिडलोय तो सगळ्यात आधी स्वतःवर, मग माझ्यासारख्याच 'सगळं कळतं'वाल्या इंजिनियर मंडळींवर, आणि मग 'ऑल टेरेन' नावाच्या त्या काळ्या, खडबडीत, महागड्या फॅशनवर. ज्यांच्या गाडीला असे टायर आहेत त्यांनी राग मानला तरी चालेल. माझ्यामुळे आमच्या दादाच्या गाडीला ते लागले होते, त्यामुळे पहिला नंबर माझाच.

तर झालं असं. केळव्याला काकांची वाडी आहे. नारळ, केळी, थोडी पानवेल आणि पाऊस उघडला की भाजी. वाडी आता चुलतभाऊ, म्हणजे आमचा दादा बघतो. त्याच्याकडे एक पिकप आहे, सव्वा टन माल नेणारी, अर्थातच हप्त्यावर घेतलेली. पहाटे अडीच-तीनला माल भरून माहीम, पालघर, वाघोबा खिंड, मनोर, मग हायवेने खाली वर्सोवा पूल, घोडबंदर, ठाणे करत वाशी मार्केट. परत येताना मिळेल ते भाडं. वाडीतून फार माल निघत नसेल त्या दिवसांत बोईसरच्या एमआयडीसीतले ड्रम नाहीतर खोकी. थोडक्यात, ही गाडी घरासमोर शोभेला उभी करायची वस्तू नाही. ती उभी राहिली की हप्ता उभा राहतो.

मागच्या वर्षी मे महिन्यात टायर बदलायची वेळ आली. आमचा दादा बिचारा म्हणाला, "तू इंजिनियर आहेस, जरा बघ ना कुठले घ्यायचे ते."

आता असं कोणी म्हटलं की आम्हा आयटीवाल्यांच्या अंगात येतं! दोन रात्री जागून अमेरिकन पिकपवाल्यांचे व्हिडिओ बघितले. दगडांवर चढणाऱ्या, चिखल उडवणाऱ्या, बर्फातून जाणाऱ्या गाड्या. दादाच्या वाडीकडे जाणारा शेवटचा चारशे मीटरचा रस्ता कच्चा आहे, पावसात तिथे चाकं फिरतात, हे मला माहीत होतं. झालं, निष्कर्ष तयार. ऑल टेरेन! आकार तोच, २३५/७५ आर १५. दुकानदाराने विचारलं, "लोड किती असतो?" मी ऐटीत म्हटलं, "साइझ सेम आहे ना, मग द्या." चार टायरचे सदतीस हजार. बाजूवर डोंगर आणि हिमकणाचं चिन्हसुद्धा होतं, म्हणजे टायर बर्फातही चालतो याचं प्रमाणपत्र. केळव्यात! जिथे जानेवारीत लोक स्वेटर घालायचा की नाही यावर चर्चा करतात.

काकांनी टायर बघितले, हात फिरवला आणि एवढंच म्हणाले, "दिसतात जोरदार." तेव्हाच मला कळायला हवं होतं.

जुलैत एका पहाटे वाघोबा खिंडीच्या उतारावर, भिजलेल्या डांबरावर, केळ्यांनी भरलेली गाडी घेऊन दादा उतरत होता. पुढे वळणावर एक ट्रक बंद पडून उभा. दादाने ब्रेक मारला आणि गाडी थांबायच्या ऐवजी घसरत गेली. त्याने स्टिअरिंग डावीकडे ओढलं, गाडी कडेच्या चरात एक चाक घालून थांबली. ट्रकच्या मागच्या लोखंडी दांड्यापासून हातभर अंतरावर. शेजारी त्याचा बारावीतला मुलगा बसला होता, शाळेला सुट्टी म्हणून मदतीला आलेला. कोणाला काही झालं नाही. केळी मात्र ठेचली.

दादा मला एका शब्दानेही बोलला नाही. वहिनी तेवढं म्हणाल्या, "भावोजी, ते टायर जरा बघा हं." मला रात्रभर झोप आली नाही. मग जे काम मे महिन्यात करायला हवं होतं ते ऑगस्टमध्ये केलं. साइडवॉल वाचली.

मंडळी, टायरच्या बाजूवर सगळं लिहिलेलं असतं. आपण लायसन्स अॅग्रीमेंट वाचतो तसं ते वाचतो, म्हणजे वाचतच नाही. जुन्या टायरवर २३५/७५ आर १५ च्या आधी 'एलटी' ही दोन अक्षरं होती. लाइट ट्रक. आणि पुढे लोड इंडेक्स ११०. म्हणजे एका टायरला १०६० किलो. मी आणलेल्या टायरवर 'एलटी' नव्हतं आणि लोड इंडेक्स होता १०५, म्हणजे ९२५ किलो. शिवाय असा प्रवासी गाडीचा टायर माल वाहणाऱ्या गाडीला लावला तर त्याची क्षमता १.१ ने भागून धरायची, असा टायरच्या धंद्यातला जुना अमेरिकन नियम आहे. ९२५ चे झाले ८४०.

मग दादाला घेऊन बोईसरला वजनकाट्यावर गेलो. भरलेली गाडी, फक्त मागची चाकं काट्यावर. चिठ्ठी आली १९२० किलो. आता गणित चौथीतलं आहे. जुने दोन टायर, २१२० किलो, आरामात. माझे दोन टायर, छापील आकड्याने १८५० आणि भागाकार करून १६८०. म्हणजे माझ्या हुशारीपायी दादा रोज २४० किलो जास्तीचं ओझं घेऊन पळत होता. त्यात सवयीने हवा भरत होता ६० पीएसआय, कारण जुन्या टायरला तेवढी लागायची. नव्यांच्या बाजूवर स्पष्ट लिहिलं होतं, कमाल ४४.

एखाद्या ज्युनिअरने असा कोड लिहिला असता, फंक्शनचं नाव तेच, आतलं सगळं वेगळं आणि टेस्ट शून्य, तर मी त्याला रिव्ह्यूमध्ये सोलून काढला असता.

आता कोणी म्हणेल, ही तर चुकीचा लोड इंडेक्स घेतल्याची गोष्ट झाली, ऑल टेरेनचा काय दोष? एलटी वर्गातले ऑल टेरेनही मिळतात की! मिळतात, कबूल. पण दादाला तेही नको होते. का, ते सांगतो.

ऑल टेरेन टायरचे ठोकळे मोठे आणि मधल्या फटी रुंद असतात. चिखल त्या फटींत शिरतो, चाक फिरलं की बाहेर फेकला जातो, ठोकळ्याची कड मातीत रुतून पकड मिळते. उत्तम. पण भिजलेल्या डांबरावर रुतायला काही नसतं. तिथे पकड देतं ते रस्त्याला प्रत्यक्ष टेकलेलं रबर आणि त्यातल्या बारीक चिरा. फटी जितक्या जास्त तितकं टेकलेलं रबर कमी. उंच ठोकळे ब्रेक मारल्यावर डगमगतात. आणि दगडाने तुकडे पडू नयेत म्हणून रबरही सहसा चिवट घेतात, जे ओल्या रस्त्याला तितकं चिकटत नाही. साचलेल्या पाण्यात रुंद फटी उपयोगी पडतात हे खरं, पण वाघोबा खिंडीच्या उतारावर पाणी साचत नाही, वाहून जातं. राहतो तो नुसता ओला थर. नेमका तोच यांचा कच्चा विषय. वजन जास्त, आवाज जास्त, डिझेल जास्त. दादाच्या वहीत तेरा-साडेतेराचा अॅव्हरेज बारावर आला होता. महिन्याला २४०० किलोमीटरच्या हिशोबाने पंधरा ते बावीस लिटर डिझेल. सगळा दोष टायरचा नसेल, पावसाळा होता, पण बराचसा असावा.

आणि त्या बदल्यात मिळालं काय? कच्चा रस्ता चारशे मीटर. जाऊन-येऊन आठशे. महिन्याचे २६ दिवस धरले तर जेमतेम २१ किलोमीटर. २४०० पैकी २१. एक टक्कासुद्धा नाही! त्या एका टक्क्यासाठी मी उरलेल्या नव्याण्णव टक्क्यांत त्याचा ब्रेक बिघडवला. हापिसात आम्ही पोरांना शिकवतो, आधी प्रोफायलर लावा, वेळ कुठे जातोय ते मोजा, मगच ऑप्टिमाइझ करा. घरी आलो की हे सगळं विसरतो, कारण टायर दिसायला भारी असतात.

ऑल टेरेन या नावातच खरी गोम आहे. 'सगळ्या जमिनींवर चालतो' म्हणजे 'सगळ्या जमिनींवर चांगला चालतो' असं आपण मनातल्या मनात वाचतो. तसा टायर जगात नाही. रबराचा तुकडा एकच, एकीकडे दिलं की दुसरीकडून काढावं लागतं.

आणि नावावर जाऊ नये याचा सगळ्यात मोठा धडा अमेरिकेनेच दिलाय. २००० साली फायरस्टोन कंपनीने सुमारे ६५ लाख टायर परत मागवले. त्यातले बरेचसे फोर्ड एक्स्प्लोरर गाड्यांवर होते, आणि मॉडेलची नावं होती एटीएक्स आणि वाइल्डरनेस एटी. यातला एटी म्हणजे ऑल टेरेनच! भर वेगात टायरचा वरचा पट्टा सुटून गाड्या उलटत होत्या. दोनशेहून जास्त माणसं गेली. टायरमध्ये दोष होताच. पण फोर्डने हवा सांगितली होती २६ पीएसआय, आणि कमी हवा, भरलेली गाडी, उन्हाळा आणि वेग एकत्र आले की टायर किती तापतो यावर दोन्ही कंपन्या जाहीर भांडल्या. २००१ मध्ये त्यांचा जवळजवळ शंभर वर्षांचा संबंध तुटला. ओझं, हवा आणि उष्णता. टायरवर 'वाइल्डरनेस' लिहिलं म्हणून ही तीन सोडत नाहीत.

आता जरा आपल्या शहरी भाऊबंदांकडे वळतो. शनिवार-रविवारी केळव्याच्या समुद्रावर चकचकीत एसयूव्ही येतात. एरवी तळघरातल्या पार्किंगमध्ये झोपलेल्या. चारी चाकांना ऑल टेरेन. सुरूच्या बनाजवळून उत्साहात वाळूत उतरतात, फोटो काढतात आणि रुततात. मग भरती यायच्या आत गावातला कोणीतरी ट्रॅक्टर शोधायची पळापळ. ट्रॅक्टर आला की मालक म्हणतो, "अहो, टायर तर एटी आहेत!"

वाळूला तुमचा एटी ठाऊक नाही हो. तिला फक्त भार किती जागेवर पडतो एवढंच कळतं. एका चाकावर ४०० किलो आणि हवा ३२ पीएसआय असेल, तर टायर ढोबळमानाने १७५-१८० चौरस सेंटीमीटर जागेवर टेकतो. हवा १६ वर आणली की तीच जागा जवळजवळ दुप्पट. गाडी तरंगल्यासारखी चालते. राल्फ बॅग्नॉल्ड नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १९२९ च्या सुमारास साध्या फोर्ड गाड्या लिबियाच्या वाळवंटात नेल्या त्या चाकांतली हवा कमी करूनच. कोरड्या मऊ वाळूत खडबडीत नक्षी उलट खड्डा खणते. अर्थात हवा कमी करून तसंच हायवेला लागलात तर वर सांगितलेली फायरस्टोनची गोष्ट पुन्हा वाचा. आणि मुळात समुद्रकिनारा ही गाडी घालायची जागा नाही, पोरं खेळतात तिथे.

ऑल टेरेन कोणालाच नकोत असं माझं म्हणणं नाही. जव्हार-मोखाड्याच्या आतल्या पाड्यांवर रोज जाणारी जीप, दगडखाणीवरची गाडी, ज्यांचे निम्मे किलोमीटर दगडमातीत जातात त्यांनी जरूर घ्यावेत, लोड इंडेक्स बघून. पण पोटासाठी गाडी चालवणाऱ्या माणसाला आपण आपल्या हौशीचा सल्ला देतो, तेव्हा धोका त्याचा असतो आणि हौस आपली. मला राग येतो तो याचा.

मग टायर घ्यायचा कसा? दादाला आता तोंडपाठ आहे. भरलेली गाडी काट्यावर घालून मागच्या अॅक्सलचं वजन घ्यायचं, दोनाने भागायचं, आणि त्याच्या वर पंधरा-वीस टक्के सोडून लोड इंडेक्स बघायचा. १०० म्हणजे ८००, १०५ म्हणजे ९२५, ११० म्हणजे १०६०, ११५ म्हणजे १२१५ किलो. जुन्या टायरवर एलटी असेल तर नव्यावर हवंच. आयएसआयचं चिन्ह बघायचं, त्याजवळ व्यावसायिक गाड्यांच्या टायरसाठी १५६३६ हा आकडा असतो, प्रवासी कारला १५६३३. मग चार आकडी तारीख. ३६२४ म्हणजे २०२४ सालचा ३६ वा आठवडा. दुकानात वर्षानुवर्षं पडलेला टायर नवा नसतो. हवा गाडी थंड असताना तपासायची, वाशीला पोचल्यावर गरम टायरची नाही. आणि नक्षी १.६ मिलिमीटरवर आली की कायद्यानेच टायर संपला. पावसाळ्याच्या तोंडावर तर त्याआधीच बदलावा.

दादाने सप्टेंबरमध्ये साधे रस्त्याचे एलटी टायर घातले. नुकसान मी भरलं, तो नको नको म्हणत असताना. ते ऑल टेरेन विरारच्या एका एसयूव्हीवाल्याने घेतले. त्याच्या गाडीला १०५ पुरतो, तेव्हा मन खात नाही.

आणि तो कच्चा रस्ता? प्रत्यक्ष मोजला तर चाकं फिरतात ती जागा फाटकाजवळची तीसेक मीटर, बाकी ठीक आहे. काकांनी तिथे तीन ब्रास खडी टाकून घेतली. एक-दीड टायरच्या किमतीत काम झालं. यंदाच्या पावसात गाडी एकदाही अडकली नाही.

खडी पसरत असताना काका मला म्हणाले, "काय रे, हे तुझ्या कंप्युटरात नव्हतं?"

नव्हतं. कारण मी विचारलंच नव्हतं.