नेम आणि तेलाचा थेंब

ज्या अमरावतीत १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा पाया घातला गेला, तिथे दसऱ्याला शस्त्रपूजा व्हायचीच. पण स्पर्धेच्या पिस्तुलावर हळदकुंकू वाहू नये, असे मी म्हणेन. ती पूड यंत्रात शिरते!

२०१८ च्या आशियाई खेळांत कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २५ मीटर पिस्तुलात सुवर्णपदक मिळवले. या प्रकाराच्या प्राथमिक फेरीत ३० गोळ्या अशा असतात की, एकेकीला अवघे ३ सेकंद मिळतात. तेवढ्यात गोळी अडकली की लय मोडलीच.

.२२ बोअरची गोळी शिशाची, वर मेणचट लेप. बार उडाला की शिसे, मेण आणि दारूची काजळी यांचा राप चेंबरात बसतो, आणि पुढची गोळी पुरती आत जात नाही. म्हणून आधी मॅगझिन काढावे, चेंबर रिकामे असल्याची डोळ्यांनी खात्री करावी. मग गोळी शिरते त्या बाजूने फडके घालून तोंडाकडे ओढावे, म्हणजे घाण यंत्रात उतरत नाही.

नेम म्हणजे लक्ष्य, आणि नेम म्हणजे व्रतही; मराठीने इथे बरोबर गाठ घातली आहे.

तेल मात्र घासणाऱ्या भागांवर थेंबभरच. शिलाईमशीनला जास्त तेल घातले तर कापसाचे तंतू कसे चिकटतात, हे घरोघरी ठाऊक आहे. अकोल्याच्या वैशाखातल्या धुळीत तर त्याचा चिखलच! नळीतले तेल नेमबाजीपूर्वी कोरड्या फडक्याने पुसावे, नाहीतर पहिल्या गोळ्या भरकटतात.