रुसलेलें स्टिअरिंग

न्यू जर्सीस स्थायिक झालेल्या आमच्या एका वडील स्नेह्यांच्या पुतण्याचें पत्र गेल्या महिन्यांत आलें. काकांचें वय ७८. उजव्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झालेली. तरी देवदर्शन, वाचनालय आणि शनिवारची भाजी हीं कामें ते आजही स्वतः गाडी चालवून करतात. गाडी १९९० नंतरच्या काळांतली, मोठ्या इतमामाची, पण जुनी म्हणून स्वस्तांत मिळालेली. किल्ली काढली कीं स्टिअरिंगनें आपण होऊन वर सरकावें आणि चालकास उतरण्यास वाट करून द्यावी, अशी तींत सोय आहे. ती सोय एके दिवशीं बंद पडली. आणि पडली ती नेमकी चक्र अगदीं खालीं असतांना. आंत शिरतांना काकांचा तोच गुडघा अडूं लागला. गॅरेजवाल्यानें सबंध स्तंभ बदलावा लागेल असें सांगून जो आंकडा दिला, तो गाडीच्या आजच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक होता. घरांत गाडी विकण्याची भाषा सुरू झाली. काका त्यावर कांहींच बोलले नाहींत. मात्र दोन दिवस त्यांचें जेवणांत लक्ष नव्हतें, असें पुतण्या लिहितो. तिकडच्या गांवांत गाडी गेली कीं म्हाताऱ्या माणसाचें बाहेर पडणेंच संपतें, हें ज्यांचीं मुलें अमेरिकेंत आहेत त्या वाचकांस सांगावयास नको.

पुढें जाण्यापूर्वीं एक घोटाळा दूर करूं. मराठींत ‘मोटार’ म्हणजे गाडीही, आणि तिच्या पोटांतलें विजेचें यंत्रही. येथें गाडीस गाडी म्हणूं, व त्या यंत्रासच मोटार म्हणूं.

चक्र दूर सारून चालकास वाट देण्याची कल्पना बरीच जुनी आहे. फोर्ड कंपनीच्या १९६१ सालच्या थंडरबर्ड गाडींत चक्र आडवें सरकविण्याची सोय मिळत असे. मात्र गिअर ‘पार्क’वर असल्यावांचून तें हलत नसे. ती हातानें करावयाची करामत होती. पुढें हें काम विजेनें पत्करलें. टोयोटाची लेक्सस एलएस ४०० ही गाडी १९८९ च्या जानेवारींत डेट्रॉइटच्या प्रदर्शनांत मांडली गेली. तिच्यांत वर-खालीं आणि पुढें-मागें होणारें विजेचें स्टिअरिंग होतें, आणि त्याच चक्राच्या पोटांत एअरबॅगही होती.

नांवाचा दिमाख कितीही असो, आंतली रचना साधीच असते. लहानशी एक मोटार. तिच्या दांड्यावर मळसूत्र. त्यांत अडकलेलें दांत्यांचें चाक, पुष्कळदां नायलॉनचें. आणि त्या चाकाबरोबर फिरणारा लांब आट्यांचा दांडा, जो स्तंभास उचलतो वा ढकलतो. बहुधा उचलण्यास एक आणि ढकलण्यास एक, अशा दोन मोटारी असतात. स्तंभ कोठवर आला हें सांगणारा एक लहान भाग असतो, व त्याचा निरोप ऐकून मोटार थांबविणारी एक पेटी.

म्हणून आम्हीं पुतण्यास प्रथम एवढेंच विचारलें, कीं बाबा, बटन दाबल्यावर ऐकूं काय येतें? या दुखण्यांत निम्मी परीक्षा कानानें होते. दोन्ही दिशांस सारें चिडीचूप असेल तर आधीं फ्यूज पाहावा. गाडीची बॅटरी अशक्त झाली आहे काय तें पाहावें. वर जातें पण खालीं येत नाहीं, अशी तक्रार असेल तर मोटारीस दोष देऊं नये. प्रवाह उलटा केला कीं हीच मोटार उलटी फिरते. एका बाजूस चालणारी मोटार जिवंतच असते, आणि दोष बहुधा बटनांत, रिलेंत किंवा पेटींत असतो. थोडें सरकून थांबतें, अथवा ठरविलेली जागा विसरतें, तर जागा सांगणारा भाग झिजला असावा. कण्हत, रखडत चालतें, तर वंगण वाळलें आहे.

मोटार स्वतः गेली आहे कीं नाहीं याची खरी कसोटी तिच्या तारांच्या जोडापाशीं होते. एकानें बटन दाबून धरावें, दुसऱ्यानें मीटर लावावा. सुमारें १२ व्होल्ट येत असून मोटार गप्प असेल तर ती बिघडली. मात्र निव्वळ मीटरवर भिस्त ठेवूं नये. गंजलेल्या तारेंतून मीटरास १२ व्होल्ट दिसतात, आणि भार पडतांच ते नाहींसे होतात; म्हणून तेथें गाडीचा एखादा दिवा जोडून तो लख्ख पेटतो का हें पाहावें. मोटारीच्या पाठीवर स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीनें हलकेंच टकटक केल्यावर ती चालूं लागली, तर आंतले ब्रश झिजलेले आहेत. असें जागें झालेलें यंत्र फार दिवस टिकत नाहीं.

पुतण्याचें उत्तर आलें : पुढें-मागें उत्तम चालतें, वर-खालीं करतांना गुरगुर ऐकूं येते, पण स्तंभ ढिम्म हलत नाहीं. हें वाचून आमचा जीव खालीं पडला. गुरगुर आहे त्या अर्थीं वीज पोंचते आहे आणि मोटार फिरते आहे. अडलें आहे तें तिच्या पुढच्या दांत्यांपाशीं. सबंध स्तंभ बदलण्याचें कारण नव्हतें.

तरीही आम्हीं त्यास लगेच पाना हातीं घेऊं दिला नाहीं. पहिली गोष्ट, चक्र धरून स्तंभ हलवून पाहा. तो खिळखिळा लागला तर गाडी जागची हलवूं नका. दुसरी, एअरबॅग. तिच्यांत स्फोटक द्रव्य असतें. बॅटरीची ऋण तार सोडून, त्या गाडीच्या पुस्तकांत सांगितला असेल तितका वेळ थांबल्यावांचून स्तंभाचें आवरण काढूं नये. आणि एअरबॅगच्या तारांस, ज्यांचे जोड बहुधा पिंवळे असतात, मीटर कदापि लावूं नये. हें काम घरीं जमेल अशी खात्री नसेल तर जाणत्या फिटरास बोलवावें. त्यांत कमीपणा कांहीं नाहीं. आम्हीं स्वतः तरी बोलाविला असता.

पुतण्यानें एका ओळखीच्या फिटरास सोबत घेतलें. आवरण काढल्यावर नायलॉनच्या चाकाचे सहा-सात दांते भुगा झालेले दिसले. तसेंच चाक भंगारांतल्या त्याच जातीच्या गाडींतून मिळालें. जुनें वंगण पुसून प्लॅस्टिकला न खाणारें नवें भरलें. आट्यांच्या दांड्यासही लावलें. तो दांडा कोरडा पडल्यामुळेंच चाकावर जोर येत असावा, असें फिटरचें मत पडलें, व आम्हांसही तें पटतें. नुसतें चाक बदलून दांडा तसाच ठेवला असता तर नव्या चाकाचीही तीच गत झाली असती.

बॅटरी सोडल्यामुळें गाडी काकांची बैठक विसरली होती. ती पुन्हा शिकवावी लागली. आतां किल्ली काढतांच चक्र वर जातें. रेडिओ मात्र अद्याप मुका आहे. तो सांकेतिक आंकडा मागतो, आणि तो आंकडा लिहिलेला कागद काकूंनीं बारा वर्षांपूर्वीं कोठेंसा नीट जपून ठेवला आहे.